चंद्रभागाबाई आणि दोन कार्बोरेटरची गाडी

सुरतेच्या नवागामात चंद्रभागाबाईंचं गॅरेज शोधताना पाटी वाचू नका. पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव आहे, 'रामजी ऑटो'. रामजी जाऊन नऊ वर्षं झाली. नवं गिऱ्हाईक येतं आणि हमखास विचारतं, "मिस्त्री कुठंय?" बाई हात पुसत म्हणतात, "आत बसलाय. काय झालंय ते मला सांगा, मी त्याला सांगते." आत कोणी नसतं. गाडी नीट होते, गिऱ्हाईक आतल्या मिस्त्रीला नमस्कार सांगून जातं.

धरणगावकडून लग्न होऊन सुरतेला आल्या. आधी लूमच्या खात्यात कांड्या भरल्या, मग नवऱ्याला पाने देता देता अख्खं इंजिन शिकल्या. शाळा चौथी. मी असल्या माणसांना अडाणी म्हणणाऱ्याशी भांडतो, आणि ते भांडण लवकर संपवत नाही.

तर आमच्या जयंती मंडळाकडे एक गाडी आहे. साठ सालाच्या आसपासची, परदेशी, उघड्या टपाची. गिरणीमालकाची होती. गिरणी बंद पडली, मालक गेले, तेव्हा सुनेनं "जागा अडते" म्हणून मंडळाला देऊन टाकली. आम्ही तिला निळा रंग दिला. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला निघते. मागच्या सीटवर बाबासाहेबांचा फोटो, पुढं लेझीम, आणि ही माणसाच्या चालीनं रिंगरोडच्या पुतळ्यापर्यंत. दर पन्नास पावलांवर थांबायचं, परत निघायचं. तिला कार्बोरेटर दोन. दोघांनी सारखा श्वास घेतला तर गाडी लोण्यासारखी चालते. एकानं वेगळा घेतला की थरथर आणि खोकला.

नऊ वर्षं तिचं सेटिंग बाई करतात. आणि नऊ वर्षं तिचं स्टिअरिंग पंडितभाऊ धरतात. ते मंडळाचे अध्यक्ष, रामजीचे जुने दोस्त. "एकदा मला चालवू द्या," असं बाईंनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "पुढच्या वर्षी बघू, वहिनी." माइकवर समता, स्टिअरिंगवर पंडितभाऊ. हे मी मीटिंगमध्ये बोललो, तेव्हापासून मला मीटिंगची वेळ कळवत नाहीत.

यंदा तेरा तारखेला गाडी बिघडली. बाईंकडे गेलं तर बाई पुन्हा स्टिअरिंग मागणार, म्हणून पंडितभाऊंनी थेट कोसाडहून भिकन मिस्त्रीला आणलं. भिकननं प्लग बदलले, पॉइंट घासले, टाकीतलं पेट्रोल बदललं. गाडी उभी असताना ठीक. पाय दिला की भक्कन काळा धूर, तीन धक्के, बंद. दुपारी दोन वाजता झक मारत बाईंना बोलावलं.

"काकी, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे," भिकन म्हणाला.

"कुठल्या?"

"दोन्हींत."

"दोघांत एकाच दिवशी? आधी बोलून ठरवलं होतं का त्यांनी?"

भिकन चहा प्यायला गेला. बॉनेटचा टेकू तुटलेला, म्हणून बॉनेट डोक्यावर धरून मी उभा होतो. पुढचं सगळं मी तिथूनच ऐकलं.

बाईंनी पदराला अडकलेला सुताचा धागा काढला. इंजिन चालू ठेवून एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरला. दोघांनी सारखाच ओढला. "श्वास बरोबर आहे," त्या म्हणाल्या. इंजिन बंद केलं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून बोट घालून आतला दट्ट्या वर उचलला. पलीकडचा सहज वर गेला, सोडला तसा टक् करून पडला. अलीकडचा वर जाईचना. श्रीखंडात बोट घातल्यासारखा हळूहळू सरकला. बाईंनी त्याच्या डोक्यावरची काळी टोपी फिरवून काढली, तेल बोटावर घेतलं, हुंगलं, आणि हसल्या.

"भाऊजी, किती वर्षं होता तुम्ही लूमवर तेलवाले?"

"बावीस," पंडितभाऊ छाती काढून म्हणाले.

"रोज सकाळी दिसेल त्या टोपीत तेल?"

"मग! एक मशीन कधी कोरडं ठेवलं नाही."

"तेच जाड तेल इथं घातलंत, म्हणून दट्ट्या अडतो आणि धूर निघतो. इथं पातळ लागतं, शिलाई मशीनचं, तेही चार थेंब. आणि पलीकडच्यात का नाही घातलं?"

पंडितभाऊंनी आपल्या पोटाकडे पाहिलं. हात तिथवर पोचला नव्हता.

"हळू बोला, वहिनी! कार्यकर्ते आहेत."

"हळूच बोलते. उद्या गाडी मी चालवणार."

"अहो, बाई माणूस, एवढ्या गर्दीत... लोक काय म्हणतील?"

बाईंनी कनवटीचं पाकीट काढून लायसन पुढं केलं. चौदा वर्षं जुनं, कोरं करकरीत. "लोकांना हे दाखवा."

"बरं, बरं. चालवा. पण तेलाचं कुणाला सांगायचं नाही."

"शब्द दिला. सकाळी येते, तेल बदलते आणि बसते."

सकाळी बाई निळी साडी नेसून, पर्समध्ये शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आल्या, तर फेटा बांधलेले पंडितभाऊ स्टिअरिंगवर आधीच बसलेले!

"वहिनी, गाडी आपोआप सुधारली. तुम्हाला त्रास कशाला?"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच बाईंनी मला कोपर मारलं. "जाऊ द्या त्यांना," म्हणाल्या आणि लेझीमवाल्या पोरींच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

ढोल वाजला. पंडितभाऊंनी पाय दिला. धूर नाही, पण गाडी एकदा शिंकली, दोनदा उसळली, बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्या झटक्याला फोटोचा हार घसरून पंडितभाऊंच्या गळ्यात पडला. पोरी हसून लोळायच्या बाकी होत्या.

बाई शांतपणे पुढं आल्या. मी बॉनेट डोक्यावर घेतलं. त्यांनी काळी टोपी काढून आत फडकं घातलं. ते कोरडंच वर आलं.

"भाऊजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "परवा बुडवलं, काल रात्रीत वाळवलं? सगळंच काढून टाकलंत? तेल नसलं की दट्ट्या उड्या मारतो."

"तुम्हीच म्हणालात ना जाड तेल नको..."

"उतरा."

पंडितभाऊ उतरले. गळ्यातला हारही काढला. बाईंनी मोजून चार थेंब घातले, टोपी फिरवली, चपला काढून गाडीत ठेवल्या आणि बसल्या. गाडी निघाली. थांबली, निघाली, थांबली, निघाली. रिंगरोडपर्यंत एकदाही खोकली नाही. फोटो धरायला मागं भारी माणूस हवा होता, तो पंडितभाऊंच्या रूपानं मिळाला. दर चौकात बाई आरशात बघून ओरडत होत्या, "भाऊजी, नीट धरा, वाकडा होतोय!"

पुतळ्यापाशी एका पत्रकारानं विचारलं, "काय बिघडलं होतं गाडीत?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "जुनी गाडी आहे."

त्यांनी दिलेला शब्द पाळला. मी कुणालाच शब्द दिला नव्हता.