सरळ रेघेची सवय

इंजिनिअरिंग कॉलेजात तिला सगळे वाय मॅडम म्हणत. पहिल्याच तासाला ती फळ्यावर इंग्रजी वाय काढायची आणि सांगायची, "ही अँटिबॉडी. हिचे वरचे दोन हात आपलं सावज बरोबर ओळखतात." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, हिला किती व्होल्ट लागतात?" ती हसून घ्यायची. यंत्रांच्या घरात ती जीवशास्त्राची सून होती; टोमणे गिळले की दिवस बरे जात.

प्रात्यक्षिक मात्र पोरांना आवडे. प्लास्टिकच्या इवल्या वाट्यांच्या तळाशी अँटिबॉडी चिकटवलेली असे. त्यात रक्ताचा नमुना आणि रंगाची खूण असलेली दुसरी अँटिबॉडी एकदमच घालायची. शोधायचा पदार्थ दोघींनी मिळून धरला, की वाटी धुतली तरी रंग टिकतो. जितका पदार्थ, तितका रंग. आलेखावर रेघ सरळ वर चढते.

पूर्वी ती यापुढचंही शिकवायची. पदार्थ बेसुमार झाला, तर दोघींचे हात वेगवेगळ्या कणांनीच भरून जातात. मग त्यांना जोडणारं मध्ये कुणी उरत नाही आणि रंग पाण्याबरोबर वाहून जातो. खूप असूनही थोडंच दिसतं. उपाय सोपा: नमुना पातळ करून पुन्हा तपासायचा. पण वर गेलेली रेघ खाली वाकली की पोरं वैतागत. "एका रंगाला दोन उत्तरं? यंत्रानं कुठलं खरं मानायचं?" विभागप्रमुखही म्हणाले, "कशाला त्यांचं डोकं खाताय मॅडम? सरळ रेघ द्या आणि पास होऊ द्या." तिने तो भाग गाळला. आधी चुकल्यासारखं वाटलं, मग अंगवळणी पडलं.

अशात तिच्या थोरल्या बहिणीचं डोकं सारखं दुखू लागलं, नजर अंधुक झाली. मेंदूच्या तळाशी भलीमोठी गाठ निघाली. गाठ विशिष्ट संप्रेरक बनवणारी असेल तर गोळ्यांनी आक्रसते, नसेल तर कापावी लागते. तपासणीत ते संप्रेरक जरासंच वाढलेलं आलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली.

ताईने रिपोर्ट तिच्यापुढे धरला. "तू बघ गं. तू हो म्हणालीस की मी डोळे मिटून टेबलावर चढते."

तिने चष्मा लावून पाहिलं. एवढी मोठी गाठ आणि आकडा एवढासा. "बरोबर आहे ताई. आकडा कमी आहे, म्हणजे ही संप्रेरक बनवणारी गाठ नव्हे."

शस्त्रक्रियेत गाठ पुरती निघाली नाही आणि डावा डोळा मात्र गेला. नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेने नमुना पातळ करून तपासला, तर आकडा हजारोंच्या घरात! उरलेली गाठ साध्या गोळ्यांनी आक्रसू लागली.

ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "नशीब माझं. नाहीतर माझी धाकटी डॉक्टरांच्या वरताण आहे, तिनं नीट बघूनच हो म्हटलं होतं." ते ऐकलं की ही तिथून उठून जाई. एका दुपारी ताईच्या स्वयंपाकघरात दोघीच होत्या, तेव्हा तिने त्या वाकणाऱ्या रेघेचं सांगून टाकलं.

"म्हणजे तुला हे ठाऊक होतं?" ताईने विचारलं.

"पूर्वी शिकवायचे."

"मग बंद का केलंस?"

"पोरांना कंटाळा यायचा."

शेगडीवरचं दूध वर आलं, ते ताईने उतरवलं. पातेलं ठेवताना ओट्याच्या कडेचा अंदाज चुकला आणि थोडं दूध सांडलं. ही फडकं घेऊन धावली, तर ताई म्हणाली, "राहू दे. मला पुसता येतं."

कॉलेजात तिने तो धडा पुन्हा सुरू केला. पोरांनी विचारलं, "परीक्षेला येणार का?" ती म्हणाली, "येणार." वर्गात कुरकुर झाली, पण सगळ्यांनी वाकलेली रेघ वहीत उतरवून घेतली.

महिन्याभराने ताईचा नवा रिपोर्ट आला, तेव्हा ती ताईच्या घरीच, सोफ्यावर तिच्या शेजारी बसली होती. ताईने पाकीट फोडलं. हिने सवयीने हात पुढे केला.

"सूनबाई," ताईने आतल्या खोलीकडे बघत हाक मारली, "हे डॉक्टरांना दाखवून ये गं. आणि हिला चहा टाक, मघापासून ताटकळलीये बिचारी."