बिननावाचा घास

काल गडचिरोलीच्या घरी पहिल्यांदा नव्या तांदळाचा भात केला आणि पळसाच्या पानावर वाढला. गरम भाताखाली पान उकडलं, त्याचा ओला, हिरवट वास आला आणि मी थेट धानोऱ्याजवळच्या आमच्या गावी पोचले.

नवं खायच्या दिवशी आबाजी, माझे आजोबा, पानावर भाताचे लहान लहान घास मांडायचे. प्रत्येक घासासोबत घरातल्या गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचे. त्यांचं आटोपल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. एका वर्षी माझ्या पोटात कावळे ओरडत होते. एकदाची नावं संपली, तर त्यांनी आणखी एक घास ठेवला!

"हा कोनाचा, आबाजी?"

"ज्याइचं नाव मी इसरलो, त्याइचा."

"मंग त्याइले कसं समजन, आपला हाये म्हणून?"

आबाजी खुदकन हसले. "भुकेल्या मानसाले कोनी नाव इचारते काय वो? चाल, बस जेवाले."

मी बसलेसुद्धा. नावं कुणी ऐकली होती!

काल पहिला घास आबाजींच्या नावानं ठेवला. मग आठवली तेवढी नावं घेतली. ती फार लवकर संपली. शेवटचा घास मात्र मी चांगला मोठा ठेवला.