हवेत कबूल केलेलं वजन

चहाचा कप आधी खाली ठेवा. ठेवलात? मग सांगतो. मागं हेच ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट खराब झाला तो माझा!

तर झालं असं, जावयानं आम्हाला विमानाची सफर भेट दिली. मोठं विमान नव्हे हो! कराडच्या बाजूला एक छोटी कंपनी आहे. दोन विमानं, एक पत्र्याची शेड, शेडच्या दारात तुळस. कॅप्टन एक बाई, वडूजच्या. त्यांचे यजमान विमानांची देखभाल बघतात आणि टेबलाशी बसून नावंही लिहून घेतात. एरवी ही विमानं भाड्यानं जातात. कुणाला तातडीनं मुंबई गाठायची असते, कुणाला पेशंट हलवायचा असतो. रविवारी मात्र आपल्यासारख्यांना साताऱ्यापर्यंत फिरवून आणतात.

जाणारे आम्ही तिघं. मी, आमची सौ. सुनंदा आणि आमचे व्याही. विहीणबाईंना विमानाचं नाव काढल्याबरोबर उपास आठवला, त्या घरीच थांबल्या.

व्याही म्हणजे सुभेदार. माण तालुक्यातले, दहिवडीजवळचे. फौज सोडून जमाना झाला, पण माणूस अजून भाल्यासारखा सरळ. आणि मी? सांगलीचा हळदीचा अडत्या. दिवसभर गादीवर बैठक. मला भाला कुणी म्हणणार नाही. पोतं म्हणू शकता. भरलेलं.

टेबलाशी गेलो. यजमानांनी हसून नावं घेतली आणि विचारलं, "वजन?"

"अडुसष्ट!" सुभेदार कडाडले. "फौज सोडली तवा अडुसष्ट, आज बी अडुसष्ट."

आता एकानं छाती काढून असं सांगितल्यावर पुढच्यानं काय करायचं? तुम्हीच सांगा! माझा खरा आकडा एक्क्याण्णव. अगदी ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात सुभेदारांनी माझ्या पोटाकडं एक नजर टाकली. फार नाही, जराशीच. पण व्याह्यांची नजर ती!

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

सुनंदाला जोराचा ठसका लागला.

"काय झालं ताई? पाणी आणू?" सुभेदार धावले.

"नको, नको. हवा लागली," ती म्हणाली, आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मी चहा बघायच्या निमित्तानं तिथून सटकलोच.

अहो, जन्म काट्याशेजारी गेला माझा. शेतकऱ्याच्या पोत्याचं वजन कधी इकडचं तिकडं केलं नाही. आणि स्वतःचं पोतं उभं राहिलं तर सरळ काटा मारला!

चहा पिऊन आलो तर कॅप्टनबाई विमानाभोवती फिरत होत्या. काय ते बघणं! पंख्याच्या पात्यावरून हात फिरवला, चाकांपाशी वाकल्या, पंखाखालून नळीत थोडं इंधन काढून उजेडात धरलं. आम्ही हळकुंड मोडून रंग बघतो ना, अगदी तसं. मोटार घेऊन कोल्हापूरला निघताना मी टायरसुद्धा बघत नाही. मनात म्हटलं, या बाईच्या विमानात झोपून जावं इतका विश्वास ठेवायला हरकत नाही.

"काका, तुम्ही पुढं या, माझ्याशेजारी," त्या म्हणाल्या.

मी सुभेदारांकडं वळलो. "बघितलंत? माणूस बघून जागा देतात."

"आमी फौजेतली माणसं, आन् आमाला मागं?" सुभेदारांचा चेहरा उतरला. मला लय बरं वाटलं!

पट्टे बांधता बांधता सुनंदानं विचारलं, "वजन कशाला हो विचारता?"

"मावशी, इमान म्हंजी तराजूच बघा," कॅप्टनबाई आता अस्सल वडूजवर आल्या. "पुढचं-मागचं वजन जमलं की ते सुखानं उडतंय. म्हणून आधी इचारून घ्यायचं."

म्हणजे मी सांगितलेल्या आकड्यावर हे विमान उडणार? आता खरं बोलावं, तर मागं सुभेदार. गप्प बसावं, तर खाली कृष्णा!

मग मी काय केलं? वजन उतरवायला लागलो. आधी बूट काढून दाराबाहेर यजमानांच्या हातात दिले. मग किल्ल्या. मग हातातलं चांदीचं कडं, पाण्याची बाटली, पाकीट, सुपारीची डबी.

"आवं पाव्हणं, इमानात चाललाय का देवळात?" सुभेदार मागून म्हणाले.

"उकडतंय जरा."

"थंडीत?"

या गडबडीत कॅप्टनबाई कानाच्या हेडफोनबद्दल, तोंडापुढच्या माईकबद्दल आणि त्याच्या वायरीवरच्या बटणाबद्दल काहीतरी सांगत होत्या. ते बटण दाबायचं की नाही दाबायचं, ते माझ्या डोक्यावरून गेलं.

आणि विमान धावलं. धावता धावता जमीन कधी सुटली कळलंच नाही. बाईंच्या हाताला घाई म्हणून नाही. खाली कृष्णा-कोयनेचा संगम, उसाचे हिरवेगार चौकोन, मुंगीएवढे ट्रॅक्टर. एवढंसं विमान, पण काय ऐटीत चाललेलं! आणि मी? दोन्ही हात खुर्चीवर दाबून अंग वर उचलून धरलेलं. तेवढाच भार कमी!

सज्जनगडाजवळ विमान वळलं. वळताना ते एका कुशीवर कलतं, हे मला कुणी सांगितलं होतं? कललं ते नेमकं माझ्या बाजूला!

झालं, म्हटलं. तागडी खाली गेली.

सुभेदारांना कळू नये, पण कॅप्टनना कळावं, म्हणून मी वायरीवरचं ते बटण घट्ट दाबलं आणि हळूच म्हणालो, "ताई, माफ करा. माझं वजन चौऱ्याहत्तर नाही. एक्क्याण्णव आहे. सकाळी मिसळ खाल्लीय, ती वेगळी. परत फिरवा."

"काका, आधी ते बटण सोडा."

"बटणाचं राहू द्या ताई! माझ्यामुळं विमान कललंय!"

"काका, म्या वळवतीय म्हणून कललंय. बटण सोडा." त्यांनी विमान अलगद सरळ केलं. "आन् तुमी चहाला गेला तवाच मावशींनी खरा आकडा सांगितलाय. म्हणून तर तुमास्नी पुढं घेतलं."

म्हणजे तो मान माझा नव्हता हो, वजनाचा होता! मागं वळून बघितलं. सुनंदा तोंडाला पदर लावून गदागदा हलत होती. आणि सुभेदार? त्यांनीही माईक तोंडाजवळ ओढला होता.

"कॅप्टन साहेब, माझं बी बहात्तर धरा."

"धरलंय, सुभेदार. एवढं आमी समद्यांचंच जास्त धरतो."

त्यानंतर मी खुर्चीत पहिल्यांदा नीट टेकलो. परतताना बाईंनी विमान जरा पूर्वेकडं घेतलं. हिरवा पट्टा संपून डोंगरापल्याडचा तांबूस माळ दिसायला लागला.

"त्यो बघा आमचा माण," सुभेदार म्हणाले, आणि त्यांनी काचेला कपाळ लावलं. बाईंनी फक्त त्यांना दिसावं म्हणून आणखी एक घिरटी घातली. हे कोण कुणासाठी करतं हो?

उतरलो तेही असं, की चाकं टेकल्याचं सुनंदाला सांगावं लागलं.

मी बूट घ्यायला शेडकडं गेलो. पुढच्या फेरीची माणसं रांगेत उभी होती, आणि सगळी माझ्याकडं बघत होती. मग वर लक्ष गेलं. शेडच्या खांबाला एक स्पीकर. ते बटण दाबलं की बोलणं थेट तिथं येतं!

इतक्यात टेबलाशी उभ्या एका दणकट गृहस्थाला यजमानांनी विचारलं, "वजन?"

"ब्याऐंशी," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "न्हाई, न्हाई. अठ्ठ्याण्णव लिहा."

त्याच्यामागची बाई घाईघाईनं म्हणाली, "आवं, माझं बी बदला!"

यजमान उठले. माझे बूट दोन्ही हातांनी पुढं केले आणि मोठ्या आदरानं म्हणाले, "काका, दर रविवारी येत चला. विमानात नका बसू. इथं टेबलाशेजारी नुसतं बसून राहा."