वाळूजहून आणलेलं रक्त

शालूला ज्याची शीर सापडली नाही असा माणूस अजून जन्मायचाय! सोयगावकडच्या मेंढपाळाची ही लेक. बाप सूर्यभान जन्मभर मेंढरं वळत राहिला आणि ही शहरातल्या एका संशोधन केंद्रात चौदा वर्षं रक्त काढत आली. "सुई कधी टोचली कळलंच नाही," असं लोक म्हणत आणि ही खुशाल ऐकून घेई. लाजणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

तिथं श्रेया पीएच.डी. करायची. शरीरातली पेशी फुटली की तिच्यातलं एटीपी नावाचं रसायन बाहेर सांडतं. आत असतं तोवर ते इंधन, बाहेर पडलं की हाक. ती हाक पोचली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला धावतात. श्रेया काचपट्टीच्या एका टोकाला एटीपीचा थेंब ठेवायची आणि दुसऱ्या टोकाच्या पेशी त्याच्याकडं कशा सरकतात ते मोजायची. दोन वर्षं त्या झकास सरकल्या. गेले तीन आठवडे मात्र जागच्या जागीच घुटमळत होत्या.

"सोमवारपर्यंत हलल्या नाहीत तर हा विषय बंद," तिचे मार्गदर्शक इंद्रजीत सर यांनी सांगून टाकलं. श्रेयाचं तोंड एवढंसं झालं.

शनिवारी सकाळी शालूनं रक्ताची नळी यंत्रात फिरवली. लाल खाली बसलं. वरचं पाणी पिवळसर दिसायला हवं, ते गुलाबी होतं. गुलाबी तिनं आधीही पाहिलं होतं, पण 'एवढं चालतंय' म्हणून सोडून दिलं होतं. आज मात्र तिनं दिवस मोजले. तीन आठवड्यांपासूनच तर ती वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांचं रक्त आणत होती! त्यांना केंद्रात यायला रजा मिळत नाही, म्हणून शिफ्ट सुटताना गेटवर जायचं आणि नळ्या स्कूटीच्या डिकीत टाकून परतायचं. उखणलेला रस्ता, वर हिची घाई. तांबड्या पेशी वाटेतच फुटत होत्या आणि नळीभर एटीपी सांडत होतं.

"आमचा बाप सांगायचा, चारी बाजूंनी हाका मारल्या तर मेंढरू कुठंच जात नाय," ती श्रेयाला म्हणाली. "तुझ्या पेशी बी वाटंतच हाका ऐकून बधिर झाल्या, पोरी."

गप्प बसून सोमवारी नळ्या जपून आणल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण श्रेयाच्या वहीत तीन आठवड्यांचे खोटे आकडे तसेच राहिले असते. शालू तडक सरांच्या खोलीत शिरली.

"सर, चूक माझी हाय. बाही वर करा."

"काय?"

"रक्त द्या. मग बोला."

दोन तासांनी सरांच्या ताज्या रक्तातल्या पेशी थेंबाकडं निघाल्या. "ताई, निघाल्या!" श्रेया किंचाळलीच. सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हसत होते.

संध्याकाळी श्रेया अहवाल लिहायला बसली. शालूला सांभाळून घ्यावं म्हणून तिनं लिहिलं, 'नमुन्यांत तांत्रिक अडचण.'

"अडचण कसली?" शालू भडकली. "लिही, नळ्या स्कूटीच्या डिकीत आणल्या म्हणून रक्त फुटलं. उद्या दुसरीकडं कुणी अशाच घेऊन निघंल, त्याला कळू दे."

"पण ताई, पुढच्या महिन्यात तुमचा नोकरीचा करार नव्यानं व्हायचाय..."

"नाव बी टाक माझं, पुरतं टाक. चूक माझी, आन् ती पकडली बी मीच!"