मावशी, चार ते पाच

घरातल्या सगळ्यांचं मिळून एकच कॅलेंडर फोनवर करायचं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. हेतू चांगला होता. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करते, तो दुकान बघतो. मुलीचे क्लास, सासूबाईंच्या गुडघ्यांचा व्यायाम, गॅसचा नंबर, काही ना काही राहूनच जायचं. आता काही राहत नाही. प्रत्येकाला एक रंग आहे. माझा पिवळा. माझ्या दिवसात कुठं पांढरी जागा दिसली, की कुणीतरी तिथं काम टाकतं. ऑफिसचं कॅलेंडर वेगळं, तिथले लोक तिथं टाकतात. मला विचारायची गरज पडत नाही, कारण मी रिकामी आहे हे त्यांना दिसतंच.

‘टेंभुर्णीला जाणे’ हे माझं स्वतःचं एकच काम त्यात होतं. तिथं माझी मावशी असते, आईची धाकटी बहीण. चार शेळ्या आणि थोडं रान सांभाळून एकटी राहते. दर रविवारी मी ते काम बोटानं उचलायची आणि पुढच्या रविवारावर नेऊन ठेवायची.

एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात मावशीच उभी. हातात पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या.

“तुला सवड न्हाय, म्हनलं आपनच जावं की.”

मी तिला मिठी मारली, आणि तिच्या पाठीमागे हातातला फोन थरथरला. मीटिंग सुरू झाली होती.

तिला पलंगावर बसवलं, कॅमेऱ्यात येणार नाही असं. मी बोलत होते तोवर ती अवघडून बसली होती. खोकला आला की तोंडाला पदर लावायची. एक मीटिंग संपली की मी चहा ठेवायला उठायची, तेवढ्यात दुसरी लागायची. शेवटी चहा तिनंच केला. सासूबाईंना दिला, मलाही आणून दिला, आवाज न करता.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. “अगं, मावशी आल्यात म्हणे! कॅलेंडरमध्ये दिसत नाहीत. थांब, मी टाकतो. तुझे चार ते पाच मोकळे आहेत. मुलीला क्लासहून मी आणतो, तुम्ही बसा निवांत.”

तो खरंच जिव्हाळ्यानं बोलत होता. स्क्रीनवर पिवळा चौकोन उमटला: मावशी, चार ते पाच.

चारला मी लॅपटॉप मिटला. मावशीजवळ बसले आणि काय बोलावं तेच सुचेना. शेळ्यांचं विचारलं. तिनं सांगितलं. ती काही मनातलं बोलायला आली असावी, कारण सारखी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. एवढ्यात फोन वाजला.

“कोन हाय?”

“कुणी नाही गं. वेळ संपत आली की आठवण करतो.”

“कुनाची वेळ?”

मी फोन उचलून त्याचा आवाज बंद केला. तिनं स्क्रीनकडं पाहिलं. अक्षरं लावून वाचली, आणि हसली. मग हसायची थांबली.

“चल, सोड मला स्टँडवर. शेळ्यांची धार काढायची हाय.”

पुढच्या मीटिंगला मी उशिरा येते असं कळवून स्कूटर काढली. स्टँडवर टेंभुर्णीची गाडी लागली होती. पायरीवर चढता चढता ती म्हणाली, “पुढल्या म्हैन्यात डोळ्याचं आपरेशन करायचं म्हनतायत. नंतर आठ दिस तुझ्याकडं ऱ्हायले तर चालंल का गं?”

“अगं, ये की! विचारतेस काय?”

तोंडानं मी हे म्हणत होते, आणि हात पर्समध्ये फोन शोधत होता. माझं मलाच ते उशिरा कळलं. तिला आधी कळलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “बघून सांग सावकाश.”

त्याच संध्याकाळी मी पुढल्या महिन्यातले आठ दिवस पिवळे केले. नवऱ्यानंही लगेच त्याची कामं हलवली. मी मावशीला फोन लावला.

“मोडनिंबच्या नणंदेकडं ठरलं बघ,” ती म्हणाली. “ती घरातच असती दिसभर. तू वाईट नगं वाटून घिऊ.”

तिच्या आवाजात राग असता तर मला भांडता आलं असतं.

ते आठ दिवस मी अजून पुसलेले नाहीत. ऑफिसच्या लोकांनी तिकडच्या कॅलेंडरवर त्याच दिवसांत मीटिंगा टाकल्यात, आणि मी सगळ्यांना ‘येते’ म्हणून कळवलंय.