पहिला घास मावशीचा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे टोकियोच्या ताकादानोबाबा भागातल्या यच्चयावत बर्मी माणसांना ठाऊक आहे. स्टेशनजवळच्या जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर माझं दुकान. आंबवलेला चहाचा पाला, सोडे, लुंग्या, गालाला लावायचा थनाखा आणि कोपऱ्यात जेवायची चार टेबलं. लोक सामान चुटकीसरशी घेतात आणि गप्पा मारत दुपार घालवतात. मंडलेत कुणाच्या सुनेला दिवस गेले, टोकियोत कुणाची कागदपत्रं अडकली, सगळं माझ्या कानावरून जातं. त्यामुळे यान नाइंगचं कोडं मला सुटत नव्हतं याचा मला भयंकर राग होता. (यान नाइंग हे त्याचं खरं नाव नव्हे. हे सगळं सांगायची परवानगी त्यानेच दिली, फक्त नाव बदला म्हणाला.)

हा ब्रह्मदेशातल्या मोलम्याईन गावचा, पस्तिशीचा. जपानी हॉटेलात आचारी. हाताला अशी चव की मालक खूश, गिऱ्हाईक खूश. आणि वसंत ऋतू आला रे आला की हा गडी नोकरी सोडून मोकळा! वर पुन्हा इमिग्रेशनच्या खिडकीपुढे हात जोडून उभा, कारण त्याचा व्हिसा नोकरीला टांगलेला. बरं, दुसरी नोकरी मिळाली की पुढच्या वसंतात तेच.

दुसरं कोडं चटणीचं. माझ्या फळीवर सोड्यांच्या चटणीच्या बरण्यांची रांग लागलेली असताना हा पठ्ठ्या बहिणीने केलेली बरणी गावाहून मागवायचा. तीही उतरायची माझ्याच दुकानात, कारण ये-जा करून लोकांचं सामान आणणारी सबे सगळ्या पिशव्या माझ्याकडेच टाकते. म्हणजे माझ्याच काउंटरवर माझा अपमान.

"बाईचं लफडं असणार," सबे म्हणायची.

"बाई असती तर चटणी कशाला मागवली असती? तिनेच केली असती."

"मग जुगार."

"जुगाऱ्याला असं वेळेवर जेवताना पाहिलंयस कधी?"

असे आम्ही तर्क लढवायचो आणि तो आमच्यासमोर मान खाली घालून शेवया खात असायचा.

त्या रविवारी सबेने बरणी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "घे बाबा, ही शेवटची. यांगूनच्या विमानतळावर आता पिशवीन् पिशवी उचकटतात. मला नाही जमायचं यापुढे."

यान नाइंगने बरणी छातीशी धरली. चेहरा पांढराफटक.

"चटणीसाठी एवढं तोंड पाडतोस?" मी म्हटलं. "आणि काय रे, तुझ्या मालकाला, कुरोइवांना, राजीनामा दिलास म्हणे? लिफ्ट बंद होती, तरी तो म्हातारा धापा टाकत पाच मजले चढून आला होता. नव्या हॉटेलात मुख्य आचारी करतोय तुला. माझं काय चुकलं, असं मला विचारत होता. काय सांगू मी त्याला?"

"सांगा, मला जमत नाही."

"काय जमत नाही? पान लागलं की उठून पळायचं हे बरं जमतं!"

टेबलावरचे सगळे हसले. कुणीतरी भाताचं ताट पुढे सरकवलं आणि ओरडलं, "शेवटची बरणी ना? मग फोड की! पहिला घास मावशीचा!"

आम्हा बर्मी लोकांत पंगतीतल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या पानात पहिला घास पडल्याशिवाय कुणी हात लावत नाही. तो घास नाकारणं म्हणजे वडीलधाऱ्यांकडे पाठ फिरवणं.

"आज नको, मावशी. खवट झाली असेल."

"खवट आहे का ते मी ठरवीन," म्हणत मी बरणी ओढून घेतली, झाकण काढलं आणि चमचा खोल घातला. तळाशी प्लास्टिक कुरकुरलं. तेलात बुडालेली पिशवी, आत पांढऱ्या गोळ्या. मी यान नाइंगकडे पाहिलं. बुडणारा माणूस असाच बघत असावा.

मला वाटलं, नशेच्या गोळ्या. इथे त्यासाठी थेट तुरुंग. मी झाकण घट्ट लावलं आणि कडाडले, "शी! सडली आहे! तुझ्या बहिणीला एक चटणी धड करता येत नाही? चल, मागच्या कचऱ्यात टाक आधी!" त्याचं मनगट धरून मी त्याला सामानाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"नशा करतोस?"

"नाही, मावशी. औषध आहे." तो तांदळाच्या पोत्यावर बसला. "एचआयव्हीचं. गावच्या दवाखान्यातून बहीण माझ्या नावावर घेते."

मी पण बसले, दुसऱ्या पोत्यावर. मग मला राहवेना. किती वर्षं, कोणाला माहीत आहे, रोज घेतोस का, चटणीतच का? मी विचारत गेले, तो सांगत गेला. चटणीतच, कारण त्या वासाने कुणी हात घालत नाही.

"आणि नोकऱ्या का सोडतोस?"

"वसंतात कंपनी सगळ्यांची तपासणी करते ना. रक्त घेतात."

"मग?"

"मलेशियात होतो तेव्हा असंच रक्त घेतलं होतं. रिपोर्ट मला दाखवलाच नाही. एजंट आला, म्हणाला सामान भर, परत जायचंय. रक्त घेतलं की मागून विमान येतंच, मावशी. म्हणून रक्त घ्यायच्या आधीच मी निघतो." मग तो म्हणाला, "घरी गेलो तर आईने माझ्या हातचा पहिला घास घेणं बंद केलं. ताट पुढे केलं की म्हणायची, भूक नाही."

आता परत गेला तर तिकडची फौज सक्तीच्या भरतीला ओढणार. इथे राहिला तर गोळ्या पावसाळ्यापर्यंत पुरणार, आणि नोकरी तर त्याने स्वतःच्या हाताने घालवलेली.

"अरे गाढवा, त्या तपासणीत साखर बघतात, चरबी बघतात, कमरेला टेप लावतात! तुझं ते कोण बघतंय?"

बोलले ठणकावून, पण खात्री कुठे होती? मी परदेशी लोकांना सल्ला देणाऱ्या केंद्राला तिथूनच फोन लावला. माझ्या भाच्याला विचारायचंय, म्हटलं. पलीकडची बाई शांतपणे सांगत गेली. नोकरीच्या तपासणीत ती चाचणी नसते, माणसाला विचारल्याशिवाय करताच येत नाही, आजारावरून व्हिसा जात नाही, आणि औषध इथल्या इस्पितळात मिळतं, सरकार खर्चाला हातभार लावतं. यान नाइंगने मला तेच तेच पुन्हा विचारायला लावलं. ती बाईही बिचारी पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"इस्पितळात बर्मी दुभाषी मिळेल म्हणते."

"नको! तो तुमच्याच दुकानात जेवतो."

हे मात्र खरं होतं. "मग मी येते. माझं जपानी काय वाईट आहे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही, मावशी?"

"हो, मीच. हस काय हसायचं ते."

हसला नाही. डोकं खाजवलं आणि हो म्हणाला. त्याच्याजवळ दुसरं माणूस तरी कुठे होतं?

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी बरंच विचारलं. लागण कशी झाली असावी, हेही विचारलं. सामानाच्या खोलीत मी सगळं विचारलं होतं, एवढं सोडून. जीभ वळली नव्हती. आता तो हळू आवाजात सांगत होता आणि मी शब्दन् शब्द जपानीत सांगत होते. काय सांगितलं ते मी इथेही सांगणार नाही. परवानगी बाकीच्याची आहे.

कुरोइवांनी राजीनामा विसरून त्याला परत घेतलं, का सोडत होतास हे विचारलंही नाही. जपानी माणसाची ही एक गोष्ट मला कधी समजली नाही आणि त्या दिवशी फार आवडली. तपासणीच्या सकाळी यान नाइंग मला फोन करून नुसताच श्वास घेत होता. "जा आत," मी म्हटलं. रिपोर्ट आला तेव्हा तो पाच मजले धावत चढला. लिफ्ट आहे, तरी! त्यात लिहिलं होतं, कंबर वाढली आहे, मीठ कमी करा. एवढंच. तो कागद कुरवाळत तो माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडला, आणि लोकांनी ठरवलं की बाई सोडून गेली.

परवा त्याने माझ्याच चुलीवर चटणी केली, माझ्याच सोड्यांची. दुकान भरलेलं होतं. नेहमीसारखं कुणीतरी ओरडलं, "पहिला घास मावशीचा!" यान नाइंग चमचा भरून आला आणि माझ्या ताटापाशी येऊन थांबला. हात तसाच अधांतरी. भूक नाही, हे शब्द तो ऐकायला तयार होऊनच आला होता, दिसत होतं मला. मी ताट उचलून त्याच्या चमच्याखाली धरलं आणि तो घास खाल्ला.

"अळणी आहे," मी म्हटलं.

"मीठ कमी करायला सांगितलंय, मावशी."

"तुला सांगितलंय. मला नाही. वाढ अजून."

सबेने भात कालवता कालवता विचारलं, "काय हो मावशी, शेवटी कळलं का, हा दरवर्षी नोकरी का सोडायचा ते?"

"मला काय माहीत? मी काय लोकांच्या भानगडीत नाक खुपसते?"

सगळं दुकान हसायला लागलं. हसून हसून सबेला ठसका लागला, कुणी टेबल बडवलं. एकटा यान नाइंग हसत नव्हता. तो खाली मान घालून माझ्या ताटात दुसरा घास वाढत होता.