दोन ट्रक, एक डिस्ट्रिब्यूटर

हात वर करून मिस्त्री सगळ्या आवाराला गप्प करायचे. "चूप! बोलतेय ती." हमाल विड्या हातातच धरून उभे राहायचे, आणि मीही. 'ती' म्हणजे गाडी.

संस्थानं विलीन होत होती ते दिवस. एका संस्थानिकाच्या गॅरेजातला एक आणि लष्कराच्या लिलावातला एक, असे दोन म्हातारे ट्रक माझ्या यजमानांनी गावाच्या शनवारा वेशीजवळच्या आवारात आणून उभे केले, आणि वर्षभरात ते वारले. ट्रक, दोन मुलं आणि मिस्त्री माझ्याकडे राहिले.

इंजिनं एकाच जातीची, पण धड डिस्ट्रिब्यूटर एकच. तो नसेल तर ठिणगी कुठल्या सिलिंडरला कधी पोचवायची हे इंजिनाला कळत नाही. नवा मिळत नव्हता. सकाळी तो लष्करी ट्रकमध्ये बसायचा आणि केळी स्टेशनावर जायची. दुपारी मिस्त्री तोच काढून दुसऱ्यात बसवायचे, मग कापूस जिनिंगला. रोज. खडूची खूण करायची, इंजिन चालू करायचं आणि डिस्ट्रिब्यूटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत आवाज जुळवायचा. माप नाही, यंत्र नाही. असा कानाचा माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल.

मी घाई केली की म्हणायचे, "मला नका विचारू वहिनी, तिला विचारा."

पुढे ते लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला टेकवून दुसरं दातांत धरू लागले. ड्रायव्हर छेडायचा, "क्यों मिस्त्री, आता गाडी खाणार का?"

"चव पाहतो. तुझ्या हाती कडू झाली ना ती!"

आम्ही हसायचो. कान गेले की माणूस हाडांनी ऐकू पाहतो, हे मला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी इंजिन खटखटत होतं. मला ओट्यावरून ऐकू येत होतं. मिस्त्री म्हणाले, "एकदम साफ." ट्रक अर्ध्या वाटेत बसला, वॅगन चुकली, बागवाल्याने दारात येऊन तोंड सोडलं. मी मिस्त्रींच्या पाठीमागे उभी राहून तीन हाका मारल्या. ते बंद ट्रकमधून काढून आणलेला डिस्ट्रिब्यूटर पुसत राहिले.

समोर जाऊन मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "सालभर झालं." मग जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, हात माझे, कान तुमचे. मी फिरवतो, तुम्ही सांगा. निभून जाईल. कुणाला कळणार नाही." आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं. पार फाटकापर्यंत ऐकू गेलं. कुणी हसलं नाही.

त्या दुपारी तसंच केलं. मी मान हलवली तिथे त्यांनी पेच आवळला. इंजिन सुरेख लागलं. तरी मी म्हटलं, "रोज दोनदा मला जमायचं नाही, मिस्त्री. दुसरा माणूस बघते." खरंच जमण्यासारखं नव्हतं. काम पंधरा मिनिटांचं होतं, हेही खरं.

त्यांनी हात पुसले, डबा उचलला, नमस्कार केला आणि निघाले. मागून कापसाचा ट्रक निघाला. रस्ता अरुंद, मिस्त्री मधोमध. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दाबला, मग हात काढून घेतला. ते आपल्या गल्लीत वळेपर्यंत तो ट्रक त्यांच्या मागे, त्यांच्याच चालीने चालवत राहिला. मिस्त्रींनी वळून पाहिलं नाही. इंजिन इतकं साफ चालत होतं, की फाटकात उभं राहून मलाही जेमतेम ऐकू येत होतं.